लाल पाकिटावर नाव कुणाचं?

चिनी नववर्ष जवळ आलं की मार्केटिंगच्या जगात एक ठरावीक पीक येतं. ‘चिनी सणांमधल्या संधी’, ‘सणासुदीत चिनी ग्राहकाला कसं जिंकाल’ अशा मथळ्यांचे लेख, स्लाइड्स, वेबिनार. मी ते सगळं वाचतो, कारण माझं पोट त्यावर आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हिंजवडीत बसतो, आणि आमची टीम ज्या परदेशी कंपनीसाठी कूपन आणि ऑफर्सची यंत्रणा लिहिते, तिचे बहुतेक ग्राहक चिनी भाषक आहेत. त्यामुळे आमच्या रिलीजच्या कॅलेंडरवर दिवाळी नसते, पण वसंतोत्सव असतो, छीशी असतो, मध्य-शरद सण असतो.

या लेखांमध्ये एक यादी हमखास असते. लाल आणि सोनेरी रंग वापरा. चारचा आकडा टाळा, त्याचा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो. आठ चालेल, आठ शुभ. घड्याळ भेट म्हणून देऊ नका, कारण ‘घड्याळ देणं’ आणि ‘मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं’ हे दोन्ही चिनी भाषेत सारखंच ऐकू येतं. पांढऱ्या कागदात काही गुंडाळू नका. सगळं खरं आहे. एखाद्या पाव्हण्याला पहिल्यांदा सासुरवाडीला पाठवताना आई ज्या सूचना देते, तशाच या सूचना आहेत: तिथे गेल्यावर हसं होऊ देऊ नकोस.

माझं भांडण हसं झालेल्यांशी नाहीच. ज्यांना सगळं नीट जमलं, त्यांच्याशी आहे.

आधी हसं झालेल्यांचं पटकन उरकून घेऊ. २०१६ च्या जानेवारीत नायकीने नववर्षासाठी बूट काढले. एका बुटावर ‘फा’ म्हणजे भरभराट, दुसऱ्यावर ‘फू’ म्हणजे सुखसौभाग्य. दोन्ही अक्षरं दारावर लावण्याइतकी शुभ. पण पायात घालून दोन्ही शेजारी आणली की होतं ‘फाफू’, आणि त्याचा अर्थ अंगावर चरबी चढणं. व्यायामाचे बूट विकणाऱ्या कंपनीला याहून चांगला विनोद सुचला नसता. २०१९ च्या नववर्षाला बर्बरीने झाओ वेई आणि झोऊ दोंगयू या दोन नामांकित नट्यांना घेऊन एका कुटुंबाचा फोटो काढला. तीन पिढ्या, सुंदर कपडे, आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. लोकांनी त्याला भयपटाचं पोस्टर म्हटलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये बालेन्सियागाने छीशीच्या निमित्ताने पर्स आणल्या, त्यांच्यावर ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ छापाची वाक्यं भिंतीवर खरडल्यासारखी लिहिलेली. वेइबोवर लोक चिडले: आमची अभिरुची एवढीच वाटते का तुम्हाला?

या तिन्ही प्रसंगांमध्ये चिनी माणसाचं काय नुकसान झालं? काहीही नाही. उलट चार दिवस टवाळी करायला मिळाली, जी कुठल्याही सणाची शोभाच वाढवते. कंपनीची नाचक्की झाली आणि सण जागच्या जागी राहिला. सांस्कृतिक संवेदनशीलतेचे सल्लागार याच घटना स्लाइडवर टाकून घाबरवतात आणि फी घेतात. मला त्या स्लाइडच्या पुढची स्लाइड बघवत नाही. तिच्यावर ‘यशोगाथा’ असं लिहिलेलं असतं.

नववर्षाच्या आदल्या रात्री घरातली मोठी माणसं लहानांना लाल पाकिटात पैसे देतात. पाकिटाला होंगबाओ म्हणतात. मुलांना मिळणाऱ्या त्या पैशांचं जुनं नाव आहे ‘यासुईछ्यान’, म्हणजे ‘सुई’ला दाबून ठेवणारे पैसे. सुई म्हणजे वर्ष, आणि तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द म्हणजे अपशकुन, बाधा. पोराच्या उशाशी पैसे ठेवायचे म्हणजे रात्री येणारं भूत त्याला शिवत नाही. पाकीट कुणी कुणाला द्यायचं याचे अलिखित नियम असतात: थोरांनी लहानांना, लग्न झालेल्यांनी न झालेल्यांना, पुढे कमावत्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना. आपली ओवाळणी डोळ्यांपुढे आणा. ताटात किती पडले हे बहीण बघतेच, पण ते कुणी टाकले याच्यामुळे त्याला ओवाळणी म्हणायचं.

२०१४ च्या जानेवारीत वीचॅटने हे पाकीट फोनमध्ये आणलं. टेन्सेंटची अडचण अशी होती की वीचॅट सगळ्यांकडे होतं, पण त्याला आपलं बँकेचं कार्ड जोडायला लोक तयार नव्हते. मोबाइलवरून पैसे देण्याच्या धंद्यात अलीबाबाचं अलिपे फार पुढे होतं. जाहिरातींनी कार्ड जोडलं जात नाही. काकाने पाठवलेले आठ युआन बँकेत काढून घ्यायचे असतील तर मात्र जोडलं जातं. त्यात आणखी एक गंमत घातली: ग्रुपवर ठरावीक रक्कम टाकायची आणि कुणाच्या वाट्याला किती येईल हे नशिबावर सोडायचं. झालं, मावशी, मेहुणा, शाळेतला मित्र सगळे पाकिटं फोडायला लागले आणि प्रत्येक जण नकळत टेन्सेंटचा बिनपगारी विक्रेता झाला. अलीबाबाच्या जॅक मा यांनी या प्रकाराची तुलना पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याशी केली. बघा, दोन बड्या कंपन्यांना तो सण कसा दिसत होता ते: युद्धभूमी.

पुढच्या वर्षी हे टीव्हीवर गेलं. चीनच्या सरकारी वाहिनीवर १९८३ पासून नववर्षाच्या आदल्या रात्री एक मोठा कार्यक्रम होतो. घरोघरी तो लागलेला असतो, लोक डंपलिंग वळत वळत अर्धवट बघतात, नावं ठेवतात आणि पुन्हा पुढच्या वर्षी लावतात. २०१५ च्या कार्यक्रमात वीचॅटने प्रेक्षकांना फोन हलवायला सांगितलं. हलवा आणि पाकीट मिळवा. एकूण ५० कोटी युआन वाटले. रात्री १० वाजून ३४ मिनिटांनी एका मिनिटात ८१ कोटी वेळा फोन हलवले गेले. इंजिनिअर म्हणून सांगतो, हा आकडा वाचला की आधी हात जोडावेसे वाटतात. तेवढा भार पेलणारी यंत्रणा बांधणं हे खरोखर मोठं काम आहे.

मग त्या पाकिटाकडे बघा. पाकिटावर लिहिलेलं होतं की अमुक ब्रँडने तुम्हाला हे पाठवलं आहे. काकाची जागा ब्रँडने घेतली होती. एका दिवाणखान्यात तीन पिढ्या, त्यातले काही जण हजार-दोन हजार किलोमीटर रेल्वेने आलेले, वर्षातून एकदा एकत्र बसलेले. आणि सगळ्यांच्या माना खाली, हात हलतायत. मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्यांसाठी चिनी भाषेत एक शब्दच आहे, दीतोउत्सू, ‘मुंडी खाली जमात’. त्या रात्री आजीही त्या जमातीत भरती झाली.

बरं, मिळालं किती? बहुतेकांना चिल्लर. कंपन्यांना मिळालं ते चिल्लर नव्हतं. एकदा कार्ड जोडलं की ते सणानंतर सुटत नाही. त्यानंतर हा लिलावच झाला. २०१९ मध्ये बायदूने त्याच कार्यक्रमात ९० कोटी युआनची पाकिटं वाटली. २०२० मध्ये क्वायशौने १०० कोटी. २०२१ मध्ये डोयिनने १२० कोटी, आणि त्यांना तयारीला महिनाभरही मिळाला नव्हता. या सगळ्या रकमांना धंद्याच्या भाषेत ‘ग्राहक मिळवण्याचा खर्च’ म्हणतात. यासुईछ्यान कुणी म्हणत नाही.

अलिपेने २०१६ मध्ये याहून धूर्त खेळ काढला. पाच ‘फू’ गोळा करा, म्हणजे सौभाग्याची पाच कार्डं. पाचही जमली की २१.५ कोटी युआनमध्ये वाटा. मित्र जोडले की कार्डं मिळत, मित्रांबरोबर अदलाबदलही करता येई. चार कार्डं कुणालाही मिळत होती, पाचवं मिळता मिळत नव्हतं. ही पाच सौभाग्यं पारंपरिक नव्हतीच. सरकारने ठरवलेल्या मूल्यांच्या यादीतून उचललेली होती: देशप्रेम, समृद्धी, सलोखा, मैत्री आणि कामावरची निष्ठा. सगळ्यात दुर्मिळ कार्ड कुठलं? कामावरची निष्ठा. अख्खा देश नववर्षाच्या रात्री ‘तुझ्याकडे जादा निष्ठा आहे का’ असं विचारत फिरत होता. शेवटी सुमारे ७ लाख ९१ हजार लोकांना पाचही मिळाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला २७१.६६ युआन आले.

हे ओळखीचं वाटत असेल, तर वाटायलाच हवं. २०१९ च्या दिवाळीत गूगल पेने आपल्याकडे पाच स्टॅम्प गोळा करायला लावले होते. दिवा, कंदील, फूल, झुमका मिळायचे. रांगोळी मिळायची नाही. बक्षीस २५१ रुपये. शुभ म्हणून वरचा एक रुपयासुद्धा होता. ‘हॅपी दिवाळी’ लिहायच्या जागी लोक एकमेकांना ‘रांगोळी आहे का’ असं विचारत होते. दहा वर्षांत ज्याला मेसेज केला नाही अशा शाळासोबत्याला लोकांनी त्या आठवड्यात मेसेज केले, रांगोळीसाठी. यात कुणाची नक्कल कुणी केली याच्याशी मला देणंघेणं नाही. सांगाडा एकच आहे: तुझ्या नात्यांची यादी मला दे, मी तुला सव्वादोनशे-अडीचशे रुपयांची शक्यता देतो.

आता या सांगाड्याच्या आतून थोडं सांगतो, कारण तिथे माझा मुक्काम असतो. आमच्याकडे एक टेबल आहे. प्रत्येक सणाला त्यात एक ओळ. सणाचा कोड, सुरुवात, शेवट, सूट किती टक्के, आणि शेवटचा रकाना म्हणजे गुणक: त्या दिवशी नेहमीच्या किती पट गर्दी येईल. वसंतोत्सवाचा गुणक मोठा. छीशीचा मध्यम. बैठकीत सणाचं नावही घेत नाहीत, ‘तो बारा पटवाला’ म्हणतात. गुणक जितका मोठा तितकी जास्त माणसं त्या रात्री जागी. या आधीच्या नोकरीत, एका देशी खरेदी ॲपसाठी काम करताना, मी लागोपाठ दोन लक्ष्मीपूजनं लॅपटॉपसमोर काढली. घरी आई पूजा करत होती आणि मी कानाला हेडफोन लावून आलेख बघत होतो, लोकांची दिवाळी नीट चालली आहे ना म्हणून. मॅनेजरने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुक्या मेव्याचा डबा पाठवला. डब्यावर कंपनीचं बोधचिन्ह होतं.

मध्य-शरद सणाची गोष्ट यापेक्षा जास्त बोलकी आहे. चिनी आठव्या महिन्याची पौर्णिमा, चंद्र बघायचा, घरच्यांनी एकत्र बसायचं, मूनकेक कापून वाटून खायचा. कधी कधी तो आपल्या कोजागरीच्याच पौर्णिमेला येतो. २०२५ मध्ये तर दोन्ही एकाच तारखेला, ६ ऑक्टोबरला आले होते. मूनकेक हा जड, तुपकट, गोड प्रकार, आत कमळाच्या बियांचं सारण आणि बऱ्याचदा खारवलेल्या अंड्याचा बलक. फार खाववत नाही. म्हणून तो देण्यासाठी घेतला जातो. आपल्या सोनपापडीचे डबे जसे न उघडता पाच घरं फिरतात, तसंच. फरक इतकाच की चीनमध्ये या फिरण्याचं रीतसर अर्थशास्त्र झालं.

तिथे मूनकेकची कुपनं विकतात. त्याबद्दलचं एक गणित तिकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कारखाना १०० युआनचं कूपन छापतो आणि व्यापाऱ्याला ६५ ला विकतो. व्यापारी ते एका कंपनीला ८० ला विकतो. कंपनी ते कर्मचाऱ्याला भेट देते. कर्मचाऱ्याला मूनकेक नको असतो, तो ‘पिवळ्या बैला’ला, म्हणजे तिकडच्या काळाबाजारवाल्याला, ४० ला देतो. पिवळा बैल ते परत कारखान्याला ५० ला विकतो. कारखान्याला १५ सुटले, व्यापाऱ्याला १५, कर्मचाऱ्याला ४०, बैलाला १०. कंपनीने ८० खर्च केले आणि तिचं सौजन्य दिसलं. सगळे खूश. मूनकेक मात्र भाजलाच गेला नाही. हा विनोद म्हणून सांगतात. मला तो आमच्या धंद्याचं सर्वात अचूक वर्णन वाटतो.

जिथे केक खरोखर भाजले गेले तिथे डबे इतके फुगले की सरकारला मध्ये पडावं लागलं. २०१३ मध्ये अधिकाऱ्यांना सरकारी पैशाने मूनकेक भेट द्यायला बंदी झाली, कारण डब्यातून केकशिवाय बरंच काही जात होतं. २०२२ मध्ये नियम आला की वेष्टनाचे थर तीनपेक्षा जास्त नकोत, मौल्यवान धातू आणि महागडं शिसवी लाकूड नको, आणि ५०० युआनच्या वरच्या डब्यांवर खास नजर. मिठाईच्या डब्यात शिसवी लाकूड वापरू नका असा नियम करावा लागतो, यात सगळं आलं.

आणि या सणाची जी गोष्ट प्रत्येक प्रोग्रॅमरने वाचायला हवी ती २०१६ ची. अलीबाबा आपल्या कर्मचाऱ्यांना मूनकेकचा एकेक डबा देते. त्या वर्षी उरलेले डबे कंपनीच्या अंतर्गत साइटवर मूळ किमतीला विकायला ठेवले. ठरलेल्या वेळी बटण उघडणार, जो आधी दाबेल त्याला मिळणार. सुरक्षा विभागातल्या चार इंजिनिअरांनी बटण आपोआप दाबणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिने १२४ डबे पकडले. त्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, चौघांना कामावरून काढलं. मध्य-शरद पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

कंपनीचं म्हणणं होतं की हा मूल्यांचा प्रश्न आहे. सुरक्षा सांभाळणाऱ्यांनीच आडवाटेने रांग मोडली तर विश्वास कुणावर ठेवायचा? या म्हणण्यात तथ्य आहे. पण जी कंपनी अख्ख्या देशाला वर्षभर ‘आधी दाबेल त्याला मिळेल’ हेच शिकवते, तिने आपल्या माणसांना सणाची मिठाईसुद्धा त्याच पद्धतीने देऊ केली होती. डबे वाटता आले असते. चिठ्ठ्या टाकता आल्या असत्या. सुचलं काय, तर सेल. त्या चार जणांनी सणाचा जो अर्थ कामात शिकला तोच घरी लावला, आणि सगळ्यांनी एकत्र येण्याच्या सणाच्या तोंडावर ते बाहेर पडले.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि म्हणावंच, की बाजार सणात आधीपासून होता. मूनकेक काय घरीच व्हायचे? फटाके, कंदील, देवळाबाहेरची जत्रा, हा सगळा व्यापारच. अगदी मान्य. हागेन-दाझने मूनकेकच्या आकाराचं आइस्क्रीम विकलं, मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. उकाड्यात मीही खाईन. सणासाठी लागणारी वस्तू बनवणं, ती चांगली बनवणं, जरा महाग विकणं, हा सणाचा भागच आहे. कुंभाराने पणत्या विकल्या म्हणून दिवाळी बाटली नाही. माझा आक्षेप दुकानदाराच्या जागेबद्दल आहे. पणत्या विकून कुंभार त्याच्या घरी जातो. भाऊबीजेच्या पाटावर बसत नाही. होंगबाओच्या ॲपने नेमकं तेच केलं: देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये पाट मांडला आणि दोघांकडून हिशोब घेतला.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. शेन्झेनच्या कारखान्यात काम करणाऱ्या, तिकीट न मिळाल्याने घरी न जाऊ शकलेल्या पोराला फोनवरून भाचीला पाकीट पाठवता आलं, हे वाईट झालं का? नाही, चांगलं झालं. ती सोय राहावी असंच मला वाटतं. पैसे पाठवण्याच्या सोयीला फोन हलवण्याचा कार्यक्रम, दुर्मिळ कार्ड आणि ब्रँडचं नाव लागत नाही. सोय एका संध्याकाळच्या कोडमध्ये होते. बाकीचं सगळं वसुलीसाठी असतं, हे मी असलाच कोड लिहितो म्हणून ठामपणे सांगू शकतो.

छीशीचं उदाहरण घ्या. सातव्या महिन्याची सप्तमी. आकाशात विणणारी मुलगी झ्रनुइ आणि गुराखी न्यूलांग यांची गाठ आकाशगंगेवर पक्ष्यांनी बांधलेल्या पुलावर वर्षातून एकदाच पडते. ते दोन तारे आपल्याही ओळखीचे आहेत, अभिजित आणि श्रवण. कथेच्या एका रूपात त्यांना वेगळं करण्याचं कारण असं की लग्नानंतर तिचं विणकाम मागे पडलं. म्हणजे डेडलाइन चुकली आणि वर्षाला एकच रजा मिळाली. (आमच्या टीममध्ये या गोष्टीवर कुणी हसत नाही.) या रात्री मुली विणणारीकडे हातातलं कसब मागत, चंद्रप्रकाशात सुईत दोरा ओवत. गान्सू प्रांतातल्या शीहे भागात मुलींचा हा उत्सव अजून होतो. ब्रँडच्या कॅलेंडरवर मात्र या ओळीचं नाव ‘चिनी व्हॅलेंटाइन’ आहे. १४ फेब्रुवारी आहेच. २० मे आहे, कारण पाच-दोन-शून्य हे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यासारखं ऐकू येतं. छीशी तिसरा. स्वतःच्या हाताला कला दे म्हणून मुलींनी मागणं मागायचा दिवस, आता मुलाने पर्स घेऊन द्यायचा दिवस झाला. बालेन्सियागाची पर्स कुरूप होती याची चर्चा झाली. सुई कुठे गेली याची झाली नाही.

आणि ज्या जाहिराती बघून डोळ्यांत पाणी येतं, त्यांचं काय? २०१८ च्या वसंतोत्सवाला ॲपलने ‘तीन मिनिटं’ नावाचा लघुपट काढला, पीटर चान या नामवंत दिग्दर्शकाचा, आयफोनवर चित्रित केलेला. आई रेल्वेत नोकरीला, सणाच्या गर्दीत तिला सुट्टी नाही. गाडी तिच्या गावच्या स्टेशनावर तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात फलाटावर तिची आणि छोट्या मुलाची भेट. मुलगा ती तीन मिनिटं पाढे म्हणण्यात घालवतो. मी तो चारदा पाहिला आहे आणि चारही वेळा घसा दाटला. मग राग येतो. एका बाईला सणाला घरी जाता येत नाही, ही त्या फिल्ममध्ये सोडवण्याची अडचण नाहीच. कॅमेरा किती चांगला आहे हे दाखवण्याची जागा आहे.

त्या मानाने २०१९ ची ‘पेप्पा म्हणजे काय’ ही चित्रफीत मला जास्त प्रामाणिक वाटते. डोंगरातल्या खेड्यातल्या म्हाताऱ्याला नातू फोनवर सांगतो की मला पेप्पा हवी. पेप्पा म्हणजे काय हे म्हाताऱ्याला ठाऊक नाही. तो गावभर विचारत फिरतो, आणि शेवटी लोखंडी भात्याला गुलाबी रंग देऊन, वेल्डिंग करून, स्वतः एक डुक्कर बनवून शहरात घेऊन जातो. ही एका चित्रपटाची जाहिरात होती. लोकांनी जाहिरात डोक्यावर घेतली. चित्रपटाची फारशी कुणाला आठवण नाही. मला वाटतं लोकांना बरोबर कळलं होतं की त्या साडेपाच-सहा मिनिटांत विकत घेण्याजोगं काहीच नव्हतं, म्हाताऱ्याने केलेला खटाटोप होता.

दोष एकट्या ब्रँडवर टाकून मोकळं होता येत नाही. १९९९ मध्ये चीन सरकारने लांब सुट्ट्यांचे ‘सुवर्ण सप्ताह’ सुरू केले ते लोकांनी खर्च करावा म्हणूनच. २००८ पासून छिंगमिंग, ड्रॅगन-बोट आणि मध्य-शरद या सणांना राष्ट्रीय सुट्टी मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण सुट्टी लांब दिसावी म्हणून आजूबाजूचे शनिवार-रविवार कामाचे करतात. सणाची सुट्टी लोक आधी किंवा नंतर रविवारी राबून फेडतात, आणि त्यावर दर वर्षी ऑनलाइन शिव्या घालतात.

शिव्या घालणं आणि पाठ फिरवणं यात अंतर असतं, तेही हळूहळू कापलं जातंय. ११ नोव्हेंबरचा सेल २००९ मध्ये २७ ब्रँड घेऊन सुरू झाला, तेव्हा ५.२ कोटी युआनचा व्यवहार झाला होता. २०२१ मध्ये अलीबाबाने ५४,०३० कोटींचा आकडा जाहीर केला. २०२२ पासून त्यांनी एकूण आकडा सांगणं बंद केलं. तो दिवस काही सण नव्हता, विद्यार्थ्यांनी एकट्या जिवांसाठी काढलेली थट्टा होती, आणि थट्टेतून बाजार बनवणं सोपं होतं. पण सवलतीचं गणित इतकं किचकट झालं की लोकांनाच त्याचा कंटाळा आला. ज्या सणाला स्वतःचं काहीच नसतं त्याचा असा कंटाळा करता येतो. नववर्षाचा करता येत नाही, आजी घरी वाट बघत असते. म्हणून तर ब्रँडला नववर्ष हवं असतं.

आमच्या टेबलात एक ओळ छिंगमिंगची आहे. एप्रिलच्या सुरुवातीला येतो. लोक पूर्वजांच्या कबरींवर जातात, गवत उपटतात, झाडतात, खायला ठेवतात, कागदी पैसे जाळतात. या दिवशी कुणी कुणाला ‘शुभेच्छा’ म्हणत नाही. ओळीत लिहिलेलं आहे: सुट्टी होय, सूट शून्य, गुणक एक. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ती तशीच आहे आणि टेबलातली माझी आवडती ओळ आहे.

यंदा प्रॉडक्टवाल्यांनी विचारलं की ही ओळ रिकामी का? हा प्रश्न येणारच होता. २०१६ मध्ये शांघायच्या शिंगह्वालौ या जुन्या दुकानाने छिंगमिंगला खातात त्या हिरव्या भाताच्या गोळ्यांमध्ये, छिंगतुआनमध्ये, खारा बलक आणि मांसाचा कीस भरला, आणि लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. तो खाद्यपदार्थ आहे, चांगला असेल, रांग लावावी. पण ताओबाओवर पैसे घेऊन दुसऱ्याच्या पूर्वजांची कबर झाडून देणारे लोकही मिळू लागले. गुडघे टेकून नमस्कार करायचे पैसे वेगळे, रडायचे वेगळे. आपल्याकडे सर्वपित्री अमावस्येच्या नावाने लावलेला सेल मला तरी अजून दिसलेला नाही. पितृपक्षात खरेदी करू नये या समजुतीने दुकानदारांचा पंधरवडा कोरडा जातो आणि ते मनातल्या मनात चरफडतात. चरफडू देत.

पुढच्या मंगळवारी त्या ओळीवर बैठक आहे. प्रस्ताव असा की ‘पूर्वजांच्या आठवणी’ नावाचं फीचर करायचं: आजी-आजोबांचा फोटो टाका, पाच नातेवाइकांना पाठवा, त्यांनी उघडला की सहलीच्या बुकिंगवर आठ टक्के सूट. आठ, कारण आठ शुभ. यादी कुणीतरी नीट वाचलेली दिसते. मी विरोधात बोलणार आहे. माझ्याकडे आकडा एकच आहे, तो त्या रकान्यात आधीपासून लिहिलेला आहे, आणि तो तसाच ठेवा एवढंच मी म्हणणार आहे.